वृद्धांचे शुश्रूषा केंद्र पारखावे कसे

मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बाळंतपणाचा किंवा छोट्या शस्त्रक्रियांचा खासगी दवाखाना येतो. या लेखात तो अर्थ घेतलेला नाही. ज्या वृद्धांना आपले आपण उठता-बसता येत नाही, ज्यांना औषधे, आंघोळ, शौच, जेवण यांपैकी काही किंवा सगळ्याच गोष्टींसाठी दुसऱ्याच्या हाताची गरज लागते, अशांना महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे ठेवून घेणारे निवासी शुश्रूषा केंद्र येथे अभिप्रेत आहे. हिंडत्या-फिरत्या ज्येष्ठांचा वृद्धाश्रम यापेक्षा वेगळा. तेथे सोबत मिळाली की निम्मे काम होते. येथे सोबतीच्या आधी निगा लागते आणि निगा चुकली तर जिवावर बेतते.

असे केंद्र शोधण्याची वेळ बहुधा घाईतच येते. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेली असते किंवा पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेली असते, रुग्णालय परवा घरी सोडणार असते, आणि घरात उचलून बसवायला कोणी नसते. घाईत माणूस डोळ्यांना दिसेल त्यावर निर्णय घेतो: चकचकीत फरशी, बाग, स्वागतकक्षातला सोफा, हसतमुख व्यवस्थापक. वैद्यकीय सेवेचा दर्जा जोखण्यासाठी अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये रचना, प्रक्रिया आणि परिणाम असे तीन कप्पे सुचवले, ते आजही वापरात आहेत. केंद्र दाखवायला नेणारा माणूस आपल्याला पहिलाच कप्पा दाखवतो, कारण तोच दाखवता येण्यासारखा असतो. रात्री दोन वाजता ओल्या अंथरुणात पडलेल्या आजीकडे कोण येते आणि किती वेळाने येते ही झाली प्रक्रिया. तिचा परिणाम आजीच्या माकडहाडावरच्या कातडीवर उमटतो. केंद्र पारखण्याचे कसब म्हणजे पाहुण्याला न दिसणारे हे तास दिवसाउजेडी वाचता येणे.

भेटीपूर्वी कागद पाहावेत, पण त्यांच्यावर फार विसंबू नये. नोंदणी किंवा परवाना चालू मुदतीचा आहे का, तो ज्या प्रकारच्या निगेसाठी दिला आहे तीच निगा तेथे दिली जाते का, अग्निसुरक्षेची तपासणी शेवटची कधी झाली, हे विचारताना संकोच बाळगू नये. काही देशांत तपासणीचे अहवाल सर्वांसाठी खुले असतात: इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही संस्था केंद्रांना चार श्रेणींत बसवते, तर अमेरिकेत २००८ पासून एक ते पाच तारे दिले जातात. अशी सोय असेल तेथे ताऱ्यांपेक्षा त्यांच्यामागचा अहवाल वाचावा. गुणांकनाला आधार असलेली काही माहिती केंद्रांनीच पुरवलेली असते. अहवालात मात्र तपासनिसाने स्वतः पाहिलेले लिहिलेले असते. एकच त्रुटी लागोपाठच्या दोन तपासण्यांत नोंदवलेली दिसली, तर ती तेथील रीतच आहे असे धरून चालावे.

दोनदा जावे, दुसऱ्यांदा न कळवता

पहिली भेट वेळ ठरवून द्यावी, कारण व्यवस्थापक आणि मुख्य परिचारिका यांच्याशी निवांत बोलायचे असते. दुसरी भेट न कळवता, शक्यतो सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळच्या जेवणाच्या सुमारास द्यावी. त्या वेळी कार्यालयातली माणसे घरी गेलेली असतात, दिवसपाळी संपत आलेली असते आणि भरवण्याचे सर्वांत किचकट काम सुरू असते. रहिवाशांच्या खासगीपणासाठी आतल्या खोल्यांत जाऊ दिले नाही तर ते समजण्यासारखे आहे. पण ठरलेल्या वेळेखेरीज नातेवाइकांनाही दारातून परत पाठवणारे केंद्र मी तरी यादीतून काढून टाकते.

आत्यासाठी केंद्रे पाहत होते तेव्हाची एक संध्याकाळ सांगते. पहिल्या भेटीत त्या केंद्राने मन जिंकले होते. दुसऱ्यांदा रविवारी सातच्या सुमारास गेले तेव्हा मार्गिकेतल्या एका दारावरचा घंटीचा लाल दिवा पेटलेला होता. मी बाकावर बसून घड्याळ लावले. सोळाव्या मिनिटाला एक मावशी आल्या, त्यांनी दारातूनच हात लांब करून दिवा बंद केला आणि ‘आलेच हं’ म्हणून पुढे गेल्या. दार उघडेच होते. आतल्या बाईंची उजवी बाजू लुळी होती आणि पाण्याचा पेला उजवीकडच्या टेबलावर ठेवलेला होता. त्या पेल्याने मला जेवढे सांगितले तेवढे माहितीपत्रकाच्या आठ पानांनी सांगितले नव्हते. मावशींचा दोष होता असे मला आजही वाटत नाही. त्या मजल्यावर त्या एकट्याच होत्या.

म्हणून ‘तुमच्याकडे कर्मचारी किती?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याच्या उत्तरात माळी, स्वयंपाकी, लेखनिक सगळे मोजले जातात. प्रश्न असा विचारावा: आज रात्री या मजल्यावर किती रहिवासी आहेत, त्यांच्यासाठी किती माणसे जागी असतील आणि त्यांपैकी प्रशिक्षित परिचारिका किती? स्वतःहून हालचाल न करता येणाऱ्या माणसाला पलंगावरून खुर्चीत घ्यायला दोन जण किंवा उचलण्याचे यंत्र लागते; रात्री मजल्यावर एकच जण असेल तर ते काम होणारच नाही किंवा चुकीच्या पद्धतीने होईल, असा सरळ हिशेब मांडावा. त्यानंतर माणसे टिकतात का ते पाहावे. तीन-चार कर्मचाऱ्यांना सहज बोलता बोलता ‘इथे किती दिवस झाले?’ असे विचारले, की दर दोन महिन्यांनी चेहरे बदलणारे केंद्र ओळखू येते. आजोबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, आजी गरम काही पिताना ठसकतात, हे रोजच्या माणसालाच ठाऊक असते आणि त्यावरच बरेचसे अपघात टळतात.

कातडी, टाचा आणि कूस

निगेचा दर्जा एकाच गोष्टीवरून ओळखायचा झाला तर मी शय्याव्रण, म्हणजे बोलीत ज्याला बेडसोर म्हणतात, त्याची चौकशी करीन. एकाच जागी सतत दाब पडला की तेथील रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी, मग तिच्याखालचे स्नायू मरू लागतात. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू या ठरलेल्या जागा. पहिल्या पायरीवर कातडी फाटलेली नसते, फक्त लाल दिसते. तेथे बोट दाबून उचलल्यावर ती क्षणभर फिकी पडली तर ठीक, लालच राहिली तर इजा सुरू झाली आहे असे समजतात. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर हा लालपणा दिसत नाही, तेथे आसपासच्या भागापेक्षा गडद रंग, ऊब किंवा कडकपणा हाताला जाणवतो का ते पाहावे लागते. चौथ्या पायरीला जखम हाडापर्यंत पोहोचते आणि ती भरायला महिने लागतात.

व्यवस्थापकाला विचारावे: सध्या किती जणांना शय्याव्रण आहे, त्यांपैकी किती जण ते घेऊन आले आणि किती जणांना ते येथेच झाले? ‘आमच्याकडे कोणालाच कधी होत नाही’ या उत्तराने मी तरी सावध होते. रुग्णालयातूनच जखम घेऊन येणारे रहिवासी कोणत्याही केंद्रात असतात, आणि ज्यांना आकडा ठाऊक आहे ते मोजतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलण्याची रूढ पद्धत आहे, गादी आणि प्रकृती पाहून हे अंतर कमी-जास्त ठरवले जाते. या बदलाचा तक्ता पलंगाशी किंवा परिचारिकेच्या टेबलावर असतो. तो मागून घ्यावा आणि त्यावरच्या वेळा पलंगावरच्या माणसाशी ताडून पाहाव्यात. तक्ता ‘चार वाजता, डावी कूस’ म्हणत असेल आणि आजोबा चार वाजून दहा मिनिटांनी उताणे असतील, तर त्या तक्त्याचा भरवसा संपला. हवेची गादी असेल तर तिचा पंप चालू आहे ना, याकडेही नजर टाकावी. बंद पंपाची हवेची गादी मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे.

पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवल्या आहेत की त्या गादीला टेकल्या आहेत, नखे कापलेली आहेत का, ओठ कोरडे पडलेत का, चश्मा स्वच्छ आहे का, कवळी तोंडात आहे की डबीत, कानाच्या यंत्राची बॅटरी चालते का, या बारीक गोष्टी मार्गिकेतून जाता जाताही दिसतात. वासाबद्दल दोन शब्द. लघवीचा वास एखाद्या खोलीपुरता, थोड्या वेळापुरता येणे स्वाभाविक आहे. तो साऱ्या मजल्यावर आणि दोन्ही भेटींत आला तर कपडे वेळेवर बदलले जात नाहीत. दिवसाला किती डायपर दिले जातात, हे नेमके विचारावे. आणि संडासापर्यंत धरून नेले तर जाऊ शकणाऱ्या माणसाला सोयीसाठी डायपर लावले जातात का, तेही विचारावे, कारण ती सवय एकदा मोडली की पुन्हा लागणे अवघड असते.

पडणे आणि बांधून ठेवणे

वृद्धांचे पडणे पूर्णपणे टाळता येत नाही. पलंगाची उंची पाय जमिनीला टेकतील एवढी असावी, संडासाशेजारी आणि आंघोळीच्या जागी पकडायला घट्ट बसवलेली दांडी असावी, फरशी ओली झाल्यावर घसरडी होणारी नसावी, पलंगापासून संडासापर्यंत रात्री मंद दिवा असावा, चाकाच्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक लागत असावेत. दांडी स्वतः ओढून पाहावी, ब्रेक स्वतः लावून पाहावा. गरम पाण्याचा नळही सोडून पाहावा: ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने प्रौढ माणूस पाचेक सेकंदांत गंभीर भाजू शकतो, ४९ अंशांना त्याच इजेसाठी काही मिनिटे लागतात, आणि म्हाताऱ्या पातळ कातडीला त्याहूनही कमी वेळ पुरतो. नळापाशी तापमान आवरणारी झडप बसवली आहे का, निदान आंघोळीआधी पाणी मोजतात का, ते समजून घ्यावे.

कोणी पडल्यावर केंद्र काय करते, यात खरा फरक दिसतो. डोक्याला मार लागला आणि माणूस रक्त पातळ करणारे औषध घेत असेल तर वरवर काही न दिसताही डॉक्टरांना दाखवावे लागते. नातेवाइकांना त्याच दिवशी कळवले जाते का, पडण्याचे कारण शोधून पुढची योजना बदलली जाते का, याची एखादी घडलेली घटना नाव न सांगता सांगायला सांगावे.

पडू नये म्हणून बांधून ठेवणे हा उपाय अजूनही काही ठिकाणी चालतो, आणि तो लपवलेलाही असतो. मनगटाला पट्टी बांधलेली दिसली तर कोणीही हटकेल. पण खुर्चीपुढे अडकवलेला ट्रे, उठताच येणार नाही अशी खोलगट खुर्ची, पलंगाचे चारही कठडे वर, हेही बांधणेच आहे. कठड्यांत मान किंवा छाती अडकण्याचा धोका असतो, आणि गोंधळलेला माणूस कठडा ओलांडायला गेला तर अधिक उंचीवरून पडतो. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शिस्त लावण्यासाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी रहिवाशाला बांधण्यास मनाई केली. दोरी न वापरता बांधण्याचा मार्ग म्हणजे गुंगीची गोळी. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध ओरडतात, भटकतात म्हणून त्यांना मनोविकारावरील औषधे दिली जातात. या वृद्धांमध्ये अशा औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या आणि २००८ मध्ये जुन्या पिढीच्या औषधांवर छापायला लावला. कधीकधी ती द्यावी लागतात, हे खरे. तरीही सकाळी अकरा वाजता दिवाणखान्यातले बहुतेक जण माना टाकून झोपलेले दिसले, तर अशी औषधे किती जणांना चालू आहेत, ती कोणी लिहून दिली आणि कमी करण्याचा विचार शेवटचा कधी झाला, हे विचारल्याशिवाय बाहेर पडू नये.

औषधांची वही

प्रत्येक रहिवाशाच्या औषधांचा तक्ता असतो. त्यात औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि देणाऱ्याची सही असते. सही औषध पोटात गेल्यानंतर व्हायला हवी. एका ठिकाणी दुपारी साडेतीनला मला नमुना म्हणून मोठ्या अभिमानाने दाखवलेल्या तक्त्यात रात्री आठच्या रकान्यातही सह्या होऊन बसल्या होत्या. अशा तक्त्यावरून गोळी दिली गेली की नाही हे कधीच कळणार नाही, आणि मग डॉक्टर ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून मात्रा वाढवतील. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. शीतकपाटात तापमापक आहे का आणि त्यात औषधांशेजारी कोणाचा डबा ठेवलेला नाही ना, हे एका नजरेत दिसते. रुग्णालयातून परत आलेल्याच्या जुन्या आणि नव्या औषधांची यादी कोण पडताळते, हाही प्रश्न विचारावा. एकच औषध दोन नावांनी दोनदा दिले जाण्याची चूक याच वळणावर होते.

जेवणाच्या वेळी भरवणारी व्यक्ती बसून, त्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर येऊन भरवते की उभ्याने तीन जणांच्या तोंडात आलटून पालटून चमचे घालते, ते पाहावे. गिळायला त्रास असणाऱ्याला सरळ बसवून भरवावे आणि जेवणानंतरही निदान अर्धा तास आडवे करू नये. नाकातल्या नळीने अन्न देताना डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी. असे न केल्यास अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. वजन दर महिन्याला घेतात का, हे विचारावे. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन नकळत उतरणे ही धोक्याची खूण मानली जाते, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे एका महिन्यात ३ किलो.

संसर्गाबाबत फार तांत्रिक प्रश्न विचारण्याची गरज नसते. एका रहिवाशाकडून दुसऱ्याकडे जाताना कर्मचारी हात धुतात किंवा सॅनिटायझर चोळतात का, तेच हातमोजे घालून तीन पलंग फिरतात का, लघवीच्या नळीची पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर पण जमिनीला न टेकता लटकवलेली आहे का, आणि ती नळी मुळात कशासाठी ठेवली आहे, एवढे पाहिले तरी पुरते. वृद्धांत लघवीचा जंतुसंसर्ग कधी ताप न येता अचानक गोंधळल्यासारखे वागण्यातून प्रकट होतो. ‘वयामुळे असे होतेच’ असे म्हणणाऱ्या परिचारिकेपेक्षा ‘कालपर्यंत असे नव्हते’ म्हणणारी परिचारिका असलेले केंद्र निवडावे.

आग लागली तर अंथरुणावरच्या माणसाला जिन्याने खाली नेणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून त्याच मजल्यावर आगरोधक दारापलीकडच्या भागात सरकवण्याची योजना असावी लागते. ती दारे पाचर लावून उघडी ठेवलेली नाहीत ना, बाहेर पडण्याच्या वाटेत जुन्या गाद्या रचलेल्या नाहीत ना, ऑक्सिजनची नळकांडी साखळीने बांधलेली आहेत ना, आणि रात्रपाळीच्या मनुष्यबळावर सराव कधी केला होता, हे पाहावे. भटकणाऱ्या रहिवाशांसाठी बाहेरचे दार कुलूपबंद असेल, तर किल्ली रात्री कोणाकडे असते ते त्या व्यक्तीलाच विचारावे.

करार आणि पहिले काही आठवडे

करारनामा घरी आणून वाचावा. मासिक रकमेत काय धरलेले नाही, रुग्णालयात दाखल केल्यावर पलंग किती दिवस राखून ठेवतात आणि त्या दिवसांचे पैसे कसे आकारतात, अनामत केव्हा परत मिळते, कोणत्या कारणांसाठी ते रहिवाशाला जायला सांगू शकतात, या चार कलमांवरून पुढे सर्वाधिक वाद होतात. रात्री प्रकृती बिघडली तर कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वाहनाने नेणार आणि तोवर सोबत कोण असणार, हे लेखी घ्यावे. ज्यांना तेथे राहायचे आहे त्यांना समजत-उमजत असेल, तर त्यांना एकदा ते केंद्र दाखवून मगच सही करावी. हा मुद्दा शेवटी लिहिला असला तरी माझ्या लेखी तो पहिलाच आहे.

दाखल करण्याच्या दिवशी परिचारिकेसमोर टाचा, माकडहाड आणि खुबे पाहून कातडीची स्थिती नोंदवून घ्यावी, वजन लिहून घ्यावे आणि औषधांच्या यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे पुढे काही दिसले तर ते केव्हा सुरू झाले याबद्दल वाद उरत नाही. पहिल्या महिन्यात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वारी जावे. अंगावरचा न समजणारा काळानिळा डाग, एखाद्या ठराविक व्यक्तीच्या पाळीत दचकणे किंवा गप्प होणे, आपल्याला एकांतात बोलू न देणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी तारीख-वेळेसह लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी. रात्री आठनंतर एकदा केंद्राला फोनही करून पाहावा: आज जेवण किती झाले, लघवीला कितीदा गेल्या, शेवटची कूस केव्हा बदलली. ज्या केंद्रात फोन उचलणारी व्यक्ती ‘थांबा, बघून सांगते’ म्हणून खरोखर खोलीत जाऊन येते, तेथे मी आत्याला ठेवले.